क्लच नसलेली बस

मॅलकी टूहीच्या बसचा दुसरा गिअर मॅलकीखेरीज कुणाच्याही हाताने पडत नसे. पहिल्यातून दांडा काढायचा, मध्ये जरा थांबायचं, क्लच पुन्हा एकदा दाबायचा आणि मग मनगट किंचित आपल्याकडे वळवून दांडा अलगद खाली ओढायचा. त्याच्या मागच्याच सीटवरून मी नऊ वर्षं हे पाहत आले होते. एकदा कंबर धरल्यामुळे तो अंथरुणात होता, तेव्हा गावाची बस चालवणाऱ्या समितीचा फर्गल लिनेन बस घेऊन निघाला. तो चर्चच्या फाटकापर्यंत पोचला आणि पायी परत आला. "ती मला ओळखतच नाही," म्हणाला. हे मॅलकीला कळलं आणि दोन दिवसांत त्याची कंबर सुटली.

आमचं किलबराक म्हणजे आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या दगडी बांधांच्या मुलखात विखुरलेली साठ-सत्तर घरं. शुक्रवारी सकाळी बस घरोघर थांबत सोळा म्हाताऱ्यांना एनिस शहरात नेई आणि दुपारी दोनला परत आणी. कुणाचं पेन्शन, कुणाचा डॉक्टर, कुणाचे केस. पॅट्सी हेहर तर फक्त एका खानावळीत बटाटे आणि उकडलेलं डुकराचं मांस खायला यायचा आणि उरलेला वेळ बसमध्येच बसून काढायचा.

मॅलकीने आधी तीस वर्षं दूध डेअरीची लॉरी चालवली होती. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, बोलायला कमी. समोरून कुणीही आलं की स्टिअरिंगवरून उजव्या हाताचं एक बोट उचलायचा. डावा हात कायम गिअरच्या दांड्यावर. घरी जेवायला बसला तरी डावा हात मांडीशेजारी अर्धा मिटलेला असतो, असं त्याची बायको डेलिया सांगायची.

डेलियाचं आणि क्लचचं कधी जमलं नाही. लग्नानंतर मॅलकीने तिला गाडी शिकवायला घेतली आणि ती सहा वेळा परीक्षेत नापास झाली. दर वेळी चढावर. क्लच सोडताना गाडी आचका देऊन बंद पडायची, मागे भोंगे वाजायचे आणि शेजारी बसलेला मॅलकी खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "पायाला कळतं, डेलिया. तू पायाला विचार." ती म्हणायची, "माझा पाय तुझ्यासारखाच आहे. काही बोलत नाही."

अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणाला न सांगता ती एनिसला एका शिक्षकाकडे गेली आणि ऑटोमॅटिक गाडीवर पहिल्याच फटक्यात पास झाली. अशा परवान्यावर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. मॅलकी आठवडाभर हसत होता. "जत्रेतली टक्करगाडी," म्हणायचा. "दोन पेडल. उद्या झोपूनसुद्धा चालवशील."

"मी सहा वेळा नापास झाले," डेलिया म्हणाली, "पण तू एकदाही पास झालेला नाहीस." हे खरं होतं. ज्या वर्षी सरकारने परीक्षेच्या रांगेत अडकलेल्यांना परीक्षेशिवायच मोटारीचे परवाने देऊन टाकले, त्या वर्षीचा त्याचा परवाना. लॉरीची आणि बसची परीक्षा त्याने पुढे दिली, पण डेलिया ती धरायची नाही.

मग त्यांच्या अंगणात दोन गाड्या उभ्या राहू लागल्या. तिला त्याची चालवता येत नव्हती आणि तो तिच्या गाडीला हात लावत नव्हता. एकदा त्याला मुतखड्याची कळ आली तेव्हा तिची गाडी नेमकी दुरुस्तीला होती आणि रुग्णवाहिकेला पाऊण तास लागणार होता. तो स्वतःच निघाला. पोट धरून अर्धा वाकलेला, एक हात स्टिअरिंगवर. क्लच तो दाबायचा, "आता" म्हणायचा आणि शेजारून डेलिया दांडा हलवायची. एनिसपर्यंत असेच गेले. "तेवढा एकच दिवस आम्ही दोघांनी मिळून गाडी चालवली," ती मला म्हणाली होती. "बरी चालली होती."

मागच्या वसंतात वार्षिक तपासणीत बस नापास झाली. खालचा पत्रा इतका गंजला होता, की तपासनिसाचं बोट आरपार गेलं. अनुदान मिळत होतं, पण विजेवर चालणाऱ्या बससाठीच. विजेच्या बसला गिअर नाहीत आणि क्लचही नाही. समितीच्या बैठकीत फर्गलने हे नीट समजावून सांगितलं. तो माझा विद्यार्थी. लहानपणीही असाच, सगळं दोनदा समजावणारा. मॅलकी मागच्या बाकावर बसला होता.

"तुम्हाला चालेल ना, मॅलकी?" फर्गलने विचारलं.

"बस ती बस," मॅलकी म्हणाला.

मी हात वर केला. सगळ्यांनीच केला. त्यानेही.

नवी बस मे महिन्यात आली. विमा कंपनीची एक अट होती. गाडीचा प्रकार बदलला आहे, चालक पासष्टच्या पुढचा आहे, तर त्यांचा परीक्षक तासभर शेजारी बसून पाहील आणि मगच प्रवाशांसाठीचा विमा लागू होईल. महिन्याभराने तारीख मिळाली. तोवर बसमध्ये माणसं घ्यायची नाहीत, फक्त समितीचे लोक बरोबर घेऊन सराव करायचा. मॅलकी पास झाला नाही तर बस उभी राहणार होती, कारण आमच्याकडे मिनीबसचा परवाना असलेलं दुसरं कुणीही नव्हतं; फर्गल त्या दिवशी निघाला होता तोही परवान्याशिवायच. आणि मॅलकीला शुक्रवारशिवाय दुसरं काही नव्हतं. त्याची मुलं ऑस्ट्रेलियात, शेत भाड्याने दिलेलं. सोमवारी तो बस धुवायचा, मंगळवारी पुन्हा धुवायचा.

सरावाच्या पहिल्या दिवशी मी गेले आणि जोसी कॉन्सिडीनही आली. जोसी शहाऐंशी वर्षांची, तिला आता उजेड-अंधारापलीकडे फारसं दिसत नाही. समितीची ती सर्वांत जुनी सभासद, त्यामुळे तिला नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. मांडीवर तीस अंड्यांचा ट्रे घेऊन बसली. वाटेत बहिणीला द्यायचा होता.

बस निघाली आणि काही आवाजच झाला नाही. थोड्या वेळाने जोसीने विचारलं, "निघालो का?"

"केव्हाच," मी म्हटलं.

"मग कुठे आहोत?" मला आधी प्रश्न कळला नाही. मग लक्षात आलं. जुन्या बसमध्ये दुसरा गिअर घरघरला की खाणीचं वळण, तिसरा पडला की डेअरी मागे गेली, असं ती कानांनी गाव मोजत यायची. "पोरा, जरा काहीतरी वाजव ना," ती मॅलकीला म्हणाली. "मला शवपेटीत घालून नेल्यासारखं वाटतंय."

मॅलकी हसला. तेवढ्यात चौरस्ता आला. त्याने उजवा पाय उचलला, हलकेच ब्रेकवर ठेवला, आणि त्याच वेळी त्याचा डावा पाय, पन्नास वर्षं ज्या जागी जात होता त्या जागी, त्याच जोराने गेला. पण तिथे क्लच नव्हता. ब्रेकचंच पेडल रुंद होऊन तिथवर आलेलं होतं. बस भिंतीला आपटल्यासारखी थांबली. पट्ट्याने जोसीला धरलं, पण अंड्यांना कुणी धरलं नाही.

जोसी आपला ओला स्कर्ट चाचपत म्हणाली, "थांबते छान."

परत येईपर्यंत असं आणखी चारदा झालं. त्याने बस आवारात लावली, सीटवरून उतरला नाही आणि बूट बघत बसला. "बाई," तो मला म्हणाला, "मी त्याला सांगतोय. तो ऐकत नाहीये."

दोन दिवसांनी डेलिया माझ्या दारात आली. "मी त्याला माझ्या गाडीवर शिकवते आहे," म्हणाली. "तुम्ही मागे बसा. तुम्ही असलात की तो ओरडणार नाही."

"तो ओरडतो?"

"नाही. पण मी ओरडेन."

पुढचे तीन आठवडे मी रोज सकाळी त्यांच्या मागच्या सीटवर होते. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण डेलियासारखी शिकवणी मी पाहिली नाही. जे तिला स्वतःला कधी जमलं नव्हतं, ते ती त्याच्या पायातून काढून टाकू बघत होती. आधी तिने त्याला डावा पाय सीटखाली मागे घ्यायला लावला. मग डाव्या पायातला बूट काढायला लावला, म्हणजे पेडल लागलं की मोज्याला कळेल. मग दोरी आणली आणि घोटा सीटच्या लोखंडाला बांधला.

"कसायाकडे नेताना वासराला बांधतात तसं," मॅलकी म्हणाला.

"वासरू शिकलं असतं एव्हाना."

"सहा वेळा तुला शिकवलं, एकदा तरी दोरी आणली का मी?"

"आणायला हवी होतीस. स्वतःच्या तोंडाला."

त्याने बोट उचललं. समोरून पॅट्सी सायकलवर चालला होता. पॅट्सीने बांधलेला पाय पाहिला नाही, पण बायकोच्या गाडीत बसलेला मॅलकी पाहिला आणि सायकल थांबवून वळून बघत राहिला. मॅलकीचे कान लाल झाले.

शांत रस्त्यावर तो चांगला चालवायचा. दुसऱ्या आठवड्यात दोरी सुटली. तिसऱ्या आठवड्यात तो दीड तास एनिसच्या बाजारपेठेतून फिरला आणि एकदाही चुकला नाही. डेलियाने घरी आल्यावर चहा केला, ब्राऊन ब्रेडवर दुप्पट लोणी लावून त्याच्यासमोर ठेवलं. पण अचानक काही समोर आलं, कुंपणातून मेंढी निघाली की वळणावर ट्रॅक्टर, तर तो पाय जायचाच. विचार करायला वेळ मिळाला की मॅलकी गाडी चालवत होता, आणि वेळ मिळाला नाही की पाय चालवत होता.

"इतकी वर्षं हा पाय बरोबर होता, बाई," तो एकदा म्हणाला. "लॉरी बर्फावर घसरली, तेव्हा मला काही सुचलं नव्हतं. यानेच वाचवलं. आता त्याला कसं सांगू, की तू चुकतोस?"

डेलियाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि गाडी सुरू कर म्हणाली.

तोवर शुक्रवार रिकामे जात होते. चार शुक्रवार. फर्गलने दोनदा टॅक्सी ठरवली, पण ती दारोदार थांबत नव्हती.

परीक्षेच्या तीन दिवस आधी पॅट्सी हेहर गेला. गोठ्यातच, सकाळी, बादली हातात. दफन नेमकं परीक्षेच्या दिवशी, अकरा वाजता. आमच्याकडे माणूस कामाला, लग्नाला चुकला तरी चालतं, मातीला चुकत नाही. फर्गलने विमावाल्यांना फोन केला. ते म्हणाले, तारीख बदलेल, पण पुढची सप्टेंबरात.

मॅलकी आदल्या दिवशी पॅट्सीच्या घरी तासभर बसला. शवपेटीशेजारी उभा राहून पॅट्सीला काहीतरी म्हणाला. बहुधा दुसऱ्या दिवशी मातीला येणार नाही म्हणून माफी मागितली असावी.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपली आणि आम्ही शववाहिकेमागून चालत निघालो. चर्चपासून दफनभूमी अर्धा मैल, रस्ता एका गाडीचा, दोन्हीकडे छातीएवढे दगडी बांध. मी, डेलिया आणि मध्ये जोसी, दोघींचे हात धरून. डेअरीच्या खालच्या वळणावर पोचलो तेव्हा समोरून पांढरी बस आली, जराही आवाज न करता.

मॅलकीने हा रस्ता घेतला नसता. पण रस्ता परीक्षक बाईने ठरवला होता आणि त्या डब्लिनच्या. त्याने आम्हाला पाहिलं. समोरून अंत्ययात्रा आली की गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत हलायचं नाही. त्याने आयुष्यभर हे केलं होतं. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, घरंगळत कडेला जायचं, मग टोपी काढायची. शेताच्या फाटकापाशी बांधात एक खाच होती. त्याने बसचं तोंड तिकडे वळवलं आणि त्याचा डावा पाय गेला.

बस जागच्या जागी थिजली. पुढचा भाग खाचेत, मागचा भाग रस्त्यावर आडवा. परीक्षक बाईंच्या हातातली कागद लावलेली फळी काचेवर आपटलेली आम्हाला दिसली. शववाहिका थांबली. तिच्यामागे आम्ही दीडशे माणसं थांबलो.

काचेतून मॅलकी स्पष्ट दिसत होता. त्याचा डावा हात मांडीशेजारी हवेत काहीतरी शोधत होता. मग त्याने स्टिअरिंगजवळचा, पुढे की मागे जायचं ते ठरवणारा गोल खटका फिरवला, परत फिरवला. बस हलली नाही. परीक्षक बाई काहीतरी म्हणाल्या, त्याने मान डोलावली, बस हलली नाही. पॅट्सीचा भाऊ घड्याळाकडे बघायला लागला. पाद्री पुस्तक मिटून उभे राहिले. मागून कुणीतरी हळूच विचारलं, बॅटरी संपली काय.

"काय झालं?" जोसीने विचारलं.

"मॅलकी आडवा आलाय," मी म्हटलं.

"मग थांबू दे की," जोसी मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "पॅट्सीने त्या बसची नऊ वर्षं वाट पाहिली आहे. आणखी दोन मिनिटं पाहील."

चारदोन माणसं हसली. डेलिया हसली नाही. तिने जोसीचा हात माझ्याकडे दिला आणि शववाहिकेला वळसा घालून ती बसच्या खिडकीपाशी गेली. मी जोसीला घेऊन दोन पावलं मागे होते, त्यामुळे मला ऐकू आलं.

"गाडी बंद पडली," मॅलकी म्हणाला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"ही बंद पडत नसते. तुझा डावा पाय कुठे आहे?"

त्याने खाली पाहिलं नाही. "क्लचवर."

"मॅलकी," ती म्हणाली. इतक्या हळू मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "क्लच नाहीये. उचल तो."

थोडा वेळ गेला. मग बस हलली, खाचेत शिरली आणि रस्ता मोकळा झाला. तो उतरला, टोपी काढून बसशेजारी उभा राहिला. पॅट्सी त्याच्यासमोरून गेला, मग आम्ही सगळे गेलो. जाताना कुणी त्याच्या खांद्यावर थाप मारली, कुणी नुसती मान हलवली. तो जमिनीकडेच बघत होता. परीक्षक बाईसुद्धा उतरून त्याच्या बाजूला हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. पोरीला कुणीतरी चांगलं वळण लावलं होतं.

पत्र पुढच्या आठवड्यात आलं. त्यात वाईट काही लिहिलं नव्हतं. चालक अनुभवी आहे, सौजन्यशील आहे, रस्त्याची जाण उत्तम आहे. अचानक प्रसंगी डाव्या पायाची प्रतिक्रिया सुरक्षित नाही. विमा लागू करता येत नाही. फर्गल ते घेऊन टूहींच्या स्वयंपाकघरात आला, मलाही बरोबर घेऊन. मॅलकीने चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"बरोबर लिहिलंय तिने," म्हणाला.

"सहा महिन्यांनी परत करता येईल," फर्गल म्हणाला.

"सहा महिन्यांनी पाय तोच असेल."

फर्गल चहा ढवळत राहिला. त्यात साखर नव्हती. मला त्याच्याकडे बघूनच कळलं, की आणखी काहीतरी बोलायचंय आणि ते त्याला दोनदा समजावता येणार नाही. शेवटी तो म्हणाला, की बस ऑटोमॅटिक असल्यामुळे डेलियाच्या परवान्यावर तिला मिनीबसची परीक्षा देता येते. वयही बसतं. समितीला दुसरा मार्ग दिसत नाही.

डेलिया ओट्याकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही. "हे तू माझ्या नवऱ्याच्या टेबलावर बसून विचारतोस?"

"कुठे बसून विचारू?" फर्गल म्हणाला. बिचाऱ्याचे डोळे भरून आले होते.

डेलियाने एकच कप तीनदा विसळला.

"अर्ज कर," मॅलकी म्हणाला.

"तू गप्प बस."

"पॅट्सीची माती सोडली तर जोसी महिनाभर घराबाहेर पडलेली नाही. अर्ज कर, डेलिया."

तिला चार महिने लागले. नियमांच्या पुस्तकातले प्रश्न मॅलकी तिला रोज विचारायचा. त्याला सगळी उत्तरं पाठ होती. बस धुवायची कामगिरीही त्याने सोडली नाही. ती पहिल्या प्रयत्नात पास झाली, त्या दिवशी त्याने शेजारपाजारी स्वतः जाऊन सांगितलं, हसत, टक्करगाडीचा विनोदही करत. मी दाराशी उभी राहून त्याला जाताना पाहिलं. फाटकापर्यंत तो हसत होता.

नोव्हेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी डेलियाने मला सर्वांत आधी घेतलं आणि परत त्यांच्या घरापाशी थांबली. तिची पिशवी राहिली होती. मॅलकी पिशवी घेऊन बाहेर आला, ती खिडकीतून आत दिली आणि बसभोवती एक फेरी मारून चारी चाकं पाहिली. मग दाराशी येऊन उभा राहिला. दार उघडंच होतं. बसमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. डेलिया समोर बघत होती, स्टिअरिंगवर दोन्ही हात.

"चल ना, मॅलकी," मी म्हटलं. "एनिसला चक्कर मारून ये."

त्याने सीटच्या रांगांवरून नजर फिरवली, पुढून मागे, अगदी सावकाश. पंधरा सीट रिकाम्या होत्या.

"कुठे बसू, बाई?" त्याने विचारलं.

तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी माझ्या शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. थोडं थांबून त्याने आमच्यावर दार बाहेरून हलकेच लोटलं आणि डेलियाला रस्ता मोकळा आहे अशी हाताने खूण केली.